प्रस्तावना लांगोशच्या टपरीपर्यंत

"हेडविगबाई, पन्नास तास समाजसेवा केल्याशिवाय आम्हाला मॅट्रिकला बसू देत नाहीत, तर तुम्ही स्वतः किती तास केलीत?"

हा प्रश्न माझा नव्हता. चेंगे आणि लुत्सा या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी बसस्टॉपवर पैज लावली होती. मुख्याध्यापिका अख्ख्या शाळेसमोर "कुणाला काही विचारायचंय?" असं म्हणाल्या की मी उठून हे विचारायचं. विचारलं तर दोघी मिळून मला महिनाभर लांगोश खाऊ घालणार. जाडजूड पुरीसारखं, गरम, तेलातून काढलेलं, लसूण चोळलेलं, वर साय आणि किसलेलं चीज! गेल्या वर्षीची मी असते तर लांगोशच काय, अख्खी टपरी नावावर करून दिली असती तरी तोंड उघडलं नसतं. गेल्या वर्षीची बोरोका हजेरीला 'हजर'सुद्धा म्हणायची नाही, शेजारची म्हणायची. पण फेब्रुवारीत फळ्यासमोर उभी राहून मी एक उत्तर साफ चुकीचं, पण खणखणीत आवाजात दिलं, आणि छत काही कोसळलं नाही. तेव्हापासून मी छताची काळजी सोडली आहे.

हेडविगबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चेंगे खुर्चीखाली गेली.

"तुझे किती तास झाले?" बाईंनी विचारलं.

"चार."

"म्हणजे शेहेचाळीस राहिले."

"हो, पण बाई, तुमचे..."

"तू किशहारांगची ना? तुमच्या गावच्या शाळेतून एतेल्काबाईंचं पत्र आलंय. चौथीच्या मुलांना निबंध लिहायला मदत करणारं कुणीतरी हवंय. विषय आहे घोड्यांच्या पाळण्यातली फेरी. उद्यापासून जायचं."

"किती मुलं आहेत?"

"बारा. त्यातला एक एकसष्ट वर्षांचा आहे. बस खाली."

मला वाटलं, आकडा लिहिताना गडबड झाली असेल. पण दुसऱ्या दिवशी चौथीच्या दारात उभी राहिले तर शेवटच्या बाकावर खरोखरच एकसष्ट वर्षांचा विद्यार्थी! पांढऱ्या मिशा, शर्टाला नावाची चिठ्ठी. गुडघे बाकात मावत नव्हते म्हणून ते बाहेर, मधल्या वाटेत आणि पोरं त्यांवरून उड्या मारून जात होती.

"व्हेंडेलकाका? तुम्ही इथे?"

"लायसन, पोरी," काका म्हणाले, "लायसन."

व्हेंडेलकाकांना आमच्याकडे कोण ओळखत नाही? दर मे महिन्यात संत फ्लोरियानच्या जत्रेला त्यांचा पाळणा येतो. सोळा लाकडी घोडे, एक उंट आणि राजहंसाच्या आकाराची एक गाडी, तीही लाकडीच. माझा पहिला दात त्या उंटाच्या मानेवर पडला होता. आता नवीन नियम निघाला होता की गोल फिरवणारं कुठलंही यंत्र चालवणारा आठवी पास हवा. काकांनी चौथीतच शाळा सोडलेली, वडिलांबरोबर पाळणा घेऊन गावोगाव जायला. मग या वयात त्यांनी परीक्षांवर परीक्षा दिल्या. गणितात त्यांना पाच मिळाले (आमच्याकडे पाच म्हणजे उत्तम आणि एक म्हणजे नापास), भूगोलातही पाच. राहिला होता फक्त चौथीचा निबंध, आणि परिपत्रकात लिहिलं होतं की निबंध वर्गात, वर्गाबरोबरच लिहायचा.

त्यात ते दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा एक मिळाला की लायसन कायमचं गेलं. बालाटोन तळ्याकाठचा एक हॉटेलवाला टपूनच बसला होता. त्याला घोड्यांचे पाय कापून बारमध्ये बसायला स्टुलं करायची होती.

"आणि उंट?" मी विचारलं.

"उंटावर मॅनेजर बसणार म्हणे," काका म्हणाले, आणि मिशी चावायला लागले.

एतेल्काबाई मला शिकवायच्या तेव्हा होत्या तशाच होत्या: ताठ, हातात वीस सेंटिमीटरची पट्टी. त्यांनी ती पट्टी मारायला कधीच वापरली नाही, निबंध मोजायला वापरली. निबंधाला तीन भाग हवेत: प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप. प्रस्तावना एक पंचमांश, समारोप एक पंचमांश, मधला सगळा मुख्य भाग. आमच्या गावात कुणी लग्नात भाषण केलं तरी माणसं घड्याळ बघतात की प्रस्तावना फार लांबली का. सगळे एतेल्काबाईंच्याच हाताखालून गेलेले. आणि खुद्द व्हेंडेलकाका चौथीत असताना एतेल्काबाई त्यांच्या शेजारच्या बाकावर होत्या! म्हणजे जत्रेत ते दोघं एकमेकांना 'एतेल' आणि 'व्हेंडेल' म्हणायचे, पण वर्गात काका त्यांना बाईच म्हणायचे, उभं राहून.

बाईंनी मला काकांचा निबंध दाखवला. तो सबंध असा होता:

'मी खटका दाबतो. फिरतो. मी ब्रेक ओढतो. थांबतो.'

खाली लाल शाईत: 'मुख्य भाग कुठे आहे?'

"बाई, मुख्य भागात मी उभा असतो," काका म्हणाले.

"मग ते लिही ना, व्हेंडेल."

"उभा असतो. झालं लिहून."

"अरे, अनुभव लिही! फेरीत बसल्यावर कसं वाटतं ते!"

"मी कधी बसलोच नाही."

सगळा वर्ग मागे वळला. झालान नावाच्या मुलाच्या हातातली पेन्सिल पडली आणि घरंगळत काकांच्या गुडघ्याला लागली.

"एकदासुद्धा नाही?" बाईंनी विचारलं.

"मी बसलो तर ब्रेकवर कोण उभं राहणार? तुम्ही?" काकांनी पडलेली पेन्सिल उचलून झालानला दिली. मग हळूच म्हणाले, "आणि मला चक्कर येते."

"मग मनानेच लिहा ना काका!" मी म्हणाले. पण ते शक्य नव्हतं. परिपत्रकात कलम चार होतं: 'अनुभव स्वतःचा असावा.' गेल्या वर्षी एकाने चंद्रावर गेल्याचं लिहिलं तर त्याला तालुक्याहून पत्र आलं होतं की प्रवासाचं तिकीट जोडा.

तर असा माझा वर्ग. सगळ्यांना एकच विषय, प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे लिहायचं आणि मी मदत करायची. झालान इतकं लिहायचा की नऊ पानं झाली तरी तो अजून तिकिटाच्या रांगेतच. "पुढचा माणूस हलत नाहीये," तो मला काकुळतीने सांगायचा. "ढकल त्याला!" मी म्हणायचे. बेंडेगूझला एक वाक्य लिहिणं म्हणजे बटाट्याचं पोतं जिन्यावरून वर नेणं. पण तो घोडे काय काढायचा! मी म्हटलं, घोडा काढ आणि प्रत्येक घोड्याखाली एकच शब्द लिही. त्याने आठ घोडे काढले आणि खाली लिहिलं: 'बसलो. वर. खाली. वर. खाली. आई. दिसली. गेली.' मी वाचलं आणि मला पाणी प्यायला बाहेर जावं लागलं. परत आले तर बाई पट्टी घेऊन मोजत होत्या. "आठ शब्दांची प्रस्तावना एक पूर्णांक सहा दशांश शब्दांची हवी," त्या म्हणाल्या. "याची सहा दशांशांनी कमी पडते."

आणि मिर्तिल. मिर्तिलला अगदी थोडं दिसतं, उजेड आणि अंधार एवढंच. ती ब्रेलच्या यंत्रावर खटखट लिहिते आणि वर्गात तिच्याइतकं तिखट कुणी नाही. त्या आठवड्यात मॉनिटर तीच होती. आमच्या शाळांत तास सुरू होताना मॉनिटरने उभं राहून पटावर किती, हजर किती हे बाईंना सांगायचं असतं. ते झाल्याशिवाय तास सुरू झाला असं धरतच नाहीत, मग बाई वीस मिनिटं शिकवत का असेनात.

"मिर्तिल, तू काय लिहिलंस?" मी विचारलं.

"तिसऱ्या घोड्याचा डावा कान कुणीतरी चावलाय," ती म्हणाली. "दातांच्या खुणा आहेत. लहान दात. तुझे का?"

"मी उंटावर बसायचे!"

"सगळे असंच म्हणतात."

खरा घोळ झाला तो फळ्यावर. मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारलं, "बाई, पण गोल फिरणाऱ्या गोष्टीची प्रस्तावना कुठे संपते?" बाईंना प्रश्न आवडला, हेच चुकलं. त्यांनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, कोनमापक लावला, बहात्तर अंश मोजले आणि जत्रेच्या मैदानाचा नकाशा आखला. चर्चच्या मनोऱ्यापासून लांगोशच्या टपरीपर्यंत प्रस्तावना. टपरीपासून बंबवाल्यांच्या तंबूपर्यंत मुख्य भाग. तंबूपासून परत मनोऱ्यापर्यंत समारोप.

"बाई," झालान म्हणाला, "पण एका तिकिटात नऊ फेऱ्या असतात."

बाईंनी तेच वर्तुळ खडूने नऊ वेळा गिरवलं.

"म्हणजे नऊ प्रस्तावना?" मागून काका कुजबुजले. त्यांचा चेहरा उतरला. "पोरी, मला एक लिहिता येत नाही!"

मी त्यांना चक्कर यायची सवय लावायचं ठरवलं. इथल्या मुख्याध्यापकांच्या ऑफिसातली चाकांची खुर्ची पळवून आणली, काकांना बसवलं, आणि मी, झालान, बेंडेगूझ अशा तिघांनी ती व्हरांड्यात गरगर फिरवली. चौथ्या गिरकीला काकांना उचकी लागली. ती शुक्रवारपर्यंत राहिली. निबंधाच्या वहीत नवीन ओळ आली: 'खुर्ची फिरली. उचकी.' बाईंनी खाली लिहिलं, 'विषय पाळण्याचा आहे.'

"काका," मी शेवटी म्हणाले, "तुम्हाला बसावंच लागेल. जत्रेच्या दिवशी. ब्रेकवर मी उभी राहीन."

काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांचा दात मागितला होता. त्या ब्रेकला त्यांचे वडील आणि ते यांच्याखेरीज कुणी हात लावला नव्हता.

"तुझ्या हाताला घाम येतो का?"

"नाही."

"खोटं बोलतेस का?"

"हो. पण आता नाही."

शनिवारी पाळणा उभा राहिला आणि त्यांनी मला ब्रेक शिकवला. लोखंडी दांडा, टोकाला कातडं गुंडाळलेलं. "अर्धी फेरी आधी ओढायचा, लोण्यातून सुरी नेल्यासारखा," ते म्हणाले. "हिसका दिलास तर उंट गेल्या वेळसारखा मान टाकेल." मी चाळीसदा ओढला. एकेचाळिसाव्यांदा ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडे तेवढीच शाबासकी असते.

रविवारी जत्रा. घंटा, धुरळा, आरसे लावलेले मधाच्या केकचे लाल बदाम, म्हातारीचे केस, बंबवाल्यांचा बँड. पाळण्याची संगीतपेटी कधीची बंद पडलेली, म्हणून वाजवायला हा बँड, आणि बँडमध्ये सगळ्यांत मोठा भोंगा फुंकायला माझे बाबा. माझी आई गावच्या पोस्टात असते. ती लांगोशच्या टपरीपाशी चांगले कपडे घालून उभी होती. तालुक्याहून निबंधाची परीक्षा घ्यायला तपासनीस सिलार्दसाहेब सीलबंद पाकीट घेऊन आले. त्यांना वाटलं होतं, आधी पाळणा, मग शाळेत जाऊन निबंध, मग जेवण.

मी त्यांना गाठलं. "साहेब, परिपत्रकात कलम सात आहे, 'अनुभवानंतर ताबडतोब लेखन व्हावे.' ताबडतोब म्हणजे किती वेळाने?"

मला फक्त एवढंच हवं होतं की काकांना शाळेपर्यंत चालत जायला लागू नये. कारण तोवर ते सगळं विसरले असते.

सिलार्दसाहेब कडक माणूस. त्यांनी विचार केला. "ताबडतोब म्हणजे मधे काहीही नको."

"खाली उतरणंसुद्धा?"

"उतरणं," साहेब म्हणाले, "हे काहीतरी आहे."

बस्स! त्यातून मग सगळं आपोआपच निघालं. उतरायचं नाही म्हणजे वरच लिहायचं. वर लिहायचं म्हणजे पाळणा फिरता हवा, नाहीतर अनुभव कसला? आणि परीक्षेचा वेळ पंचेचाळीस मिनिटं, तो काही कमी करता येत नाही. साहेबांनी प्रत्येक पाऊल स्वतःच टाकलं आणि शेवटी राजहंसाच्या गाडीत एतेल्काबाईंच्या शेजारी जाऊन बसले, कारण देखरेखही वरूनच हवी.

मुलं घोड्यांवर, मांडीला पाट बांधलेले. झालान आणि बेंडेगूझ उंटावर. काका तिसऱ्या घोड्यावर बसले, चावलेल्या कानाच्या, दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून. शेजारच्या घोड्यावर मिर्तिल, मांडीवर यंत्र. ती रिकिबीत उभी राहिली.

"एतेल्काबाईंना सादर सांगते, चौथीचा पट बारा, हजर बारा. दोन उंटावर. एक घाबरलाय."

"कोण घाबरलाय?" काका ओरडले.

"बसा," बाई म्हणाल्या. "सुरू करा."

मी खटका दाबला.

मधे उभं राहिलं की जग भलतंच दिसतं. तुम्ही स्थिर आणि सगळी परीक्षा तुमच्याभोवती फिरते. प्रत्येक जण पंधरा सेकंदांनी समोर येतो, अर्धं वाक्य बोलतो आणि जातो.

"छान वेग आहे, असाच ठेवा!" राजहंसातून साहेब म्हणाले आणि गेले.

"पुढचा माणूस हलला!" झालान आनंदाने ओरडला आणि गेला.

काका समोरून गेले. डोळे गच्च मिटलेले नव्हते, सताड उघडे होते, ते जास्त वाईट. चेहरा दह्यासारखा. पेन खिशातच.

दहा फेऱ्या. वीस. "किती मिनिटं झाली?" साहेबांनी विचारलं.

"पाच, साहेब!"

पुढच्या फेरीला त्यांची टोपी मांडीत होती. त्याच्या पुढच्या फेरीला ते म्हणाले, "जरा थांबवता येईल का, एक मिनिटच..."

"परीक्षा मधेच थांबवली तर रद्द होते," शेजारून बाई म्हणाल्या. "कलम नऊ."

त्यांना हंस मागे घेऊन गेला. परत आले तेव्हा साहेब म्हणत होते, "कलम नऊ मी मागे घेतो!"

"लेखी द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. साहेबांनी कागदाकडे बघितलं, आणि तीच चूक झाली. नंतर बराच वेळ ते हंसाच्या मानेत मान घालून होते.

माझा हात ब्रेकवर होता. घाम येत होता, हो, खोटं कशाला सांगू! ओढला तर परीक्षा रद्द आणि घोड्यांची स्टुलं. नाही ओढला तर काका घोड्यावरून खाली पडणार असं वाटत होतं. ते समोर आले की मी ओरडायचे, "काका, थांबवू?" आणि ते फक्त माझ्या हाताकडे बघायचे. ओढ असंही नाही, नको असंही नाही. दांडा मी नीट धरलाय का एवढंच बघत होते.

मग मिर्तिलचं बोलणं माझ्या कानावर तुकड्या-तुकड्यांनी येऊ लागलं.

"डोळे मिटा काका. मला कधीच चक्कर येत नाही."

पुढची फेरी. काकांचे डोळे मिटलेले.

"गेली?"

"...गेली. अरेच्चा, गेली!"

पुढची फेरी. "आता उघडा. मला सांगा, ही सगळी ओरडतायत कुणाला?"

"आपल्याला."

"ओरडतायत, मग करतायत काय? मला दिसत नाही, सांगा की!"

"हात हलवतायत."

"कोण?"

"सगळेच. लांगोशच्या टपरीपाशी ती पोस्टातली बाई... प्रत्येक वेळी..."

"काय प्रत्येक वेळी? नीट सांगा, तुम्ही एकदम घाईत असल्यासारखं सांगताय!"

"प्रत्येक वेळी ती अशी हात करते, जणू मी आत्ताच आलो."

पाळणा त्यांना मागे घेऊन गेला. पंधरा सेकंदं मी वाट बघत राहिले.

"...ते लिहा," मिर्तिल म्हणत होती. "मला काय सांगत बसलात? लिहा ते!"

आणि काकांनी खिशातून पेन काढलं.

ती पोस्टातली बाई म्हणजे माझी आई. ती स्वभावानेच अशी आहे की कुणी समोर आलं की तिला हात केल्याशिवाय राहवत नाही, मग ते पंधरा सेकंदांपूर्वी भेटलेलं असलं तरी. शेजारी बाबांचा बँड. पाळणा फिरतोय तोवर बँड थांबवायचा नाही ही आमची रीत, आणि त्यांना तीनच गाणी येतात. ती त्यांनी बारा-बारा वेळा वाजवली. बाराव्या वेळी भोंग्यातून नुसतीच हवा येत होती.

पंचेचाळीस मिनिटं झाली. मी अर्धी फेरी आधी दांडा ओढला, लोण्यातून सुरी. उंटाची मान जागेवर. झालानने फेऱ्या मोजल्या होत्या, एकशे एकोणऐंशी. त्याच्या निबंधात तो एव्हाना घोड्यावर एक पाय टाकून होता.

सगळे उतरले, म्हणजे घसरले. सिलार्दसाहेबांना दोन बंबवाल्यांनी उचलून गवतावर ठेवलं. बाईंनी निबंध गोळा केले, गवतातच बैठक मारली आणि पट्टी काढली. काका घोड्याचा पाय धरून उभे. मी त्यांची पानं बाईंच्या खांद्याआडून वाचली.

'मी एकसष्ट वर्षांचा आहे आणि आज पहिल्यांदा बसलो,' ही प्रस्तावना. मग सलग तीन पानं. 'मधे उभ्या असलेल्या माणसाला कुणी हात करत नाही. मला वाटायचं लोक पाळण्याला हात करतात. पण ते माणसांना करतात. मी मधे होतो म्हणून मला कळलं नाही. पोस्टातल्या बाई दमत नाहीत. आज ब्रेकवर एक मुलगी आहे. तिच्याकडे कुणी बघत नाही म्हणून मीच तिला हात केला, पण ती ब्रेककडे बघत होती, ते बरोबर आहे.' आणि शेवटची ओळ: 'आता परत लांगोशची टपरी आली आणि तिथे'

बस, एवढंच. तिथे वेळ संपला होता.

बाईंनी पट्टी लावली. परत लावली. "प्रस्तावना आखूड आहे, ते मी सोडून देते," त्या म्हणाल्या. "पण समारोप नाही, व्हेंडेल. समारोपाशिवाय मला एकच द्यावा लागतो."

"माहितेय, एतेल."

"मला द्यायचा नाहीये रे."

"दे. नियमच आहे तसा."

त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं. मला रडू यायला लागलं आणि त्याच्याबरोबर आवाजही फुटला, आधीपेक्षा मोठा.

"बाई, थांबा! समारोप कधी लिहितात?"

"फेरी संपल्यावर."

"काका, तुमची फेरी संपली?"

काकांनी घोड्याचा पाय सोडून बघितला आणि लगेच परत धरला. "छे गं. अजून सगळं फिरतंय."

"बघा! ज्याची संपलीच नाही त्याने समारोप लिहिला तर तो खोटा अनुभव. कलम चार!" मी गवताकडे वळले. "साहेब, तुमची संपली?"

सिलार्दसाहेब आकाशाकडे बघत आडवे होते. दोन्ही मुठींत गवत. त्यांनी खूप वेळ, खूप प्रामाणिकपणे तपासून पाहिलं.

"चालू आहे," ते म्हणाले. "अजून चालू आहे."

"मग आत्ता कुणी समारोप मागू शकतं का?"

"नाही. कुणीही... एतेल्काबाई, दोन द्या त्यांना. समारोप फेरी थांबेल तेव्हा जोडावा. आणि कुणीतरी मला धरा, मी पुन्हा लांगोशच्या टपरीपाशी आलोय."

दोन म्हणजे पास! बाईंनी एवढा मोठा दोन काढला की त्याची शेपटी मिर्तिलच्या कागदावर गेली. बेंडेगूझने तालुक्याच्या शिक्क्याशेजारी एक घोडा काढून दिला. काकांनी ब्रेकच्या दांड्यावरचं कातडं तपासलं, माझ्या घामाने ओलं झालं होतं ते पुसलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी हातमोजे घाल."

तेवढ्यात नेमबाजीच्या दुकानातल्या योलानकाकू छर्‍याची बंदूक खांद्यावर टाकून आल्या. मागे म्हातारीचे केसवाला, त्याच्या मागे आरसेघरवाले दोघे भाऊ. सगळ्यांच्या हातात तेच परिपत्रक.

"गोल फिरवणारं यंत्र म्हणतात," योलानकाकू म्हणाल्या. "माझ्याकडची बदकं गोल फिरतात. म्हणजे मीसुद्धा. माझी सहावी झालेली नाही, पोरी, आणि परीक्षा ऑगस्टात."

"साखर तर गोल फिरूनच केस होते," म्हातारीचे केसवाला रडवेला झाला. "माझी तिसरीच!"

"आमच्याकडे माणसं वाट चुकून गोल फिरतात, आणि आमची एकाची पाचवी आहे," आरसेघरवाल्यांपैकी एक म्हणाला, "पण ती दोघांत."

मागून आणखी पाच जण आले, एकूण नऊ झाले. सगळ्यांना निबंधच नडत होता. नऊही जण माझ्याकडे बघत उभे राहिले आणि मी त्यांच्याकडे. मग मी झालानकडून कागद मागून घेतला आणि त्यांची नावं लिहून घेतली.

घरी पोचेपर्यंत दुपार झाली होती. जत्रेचं जेवण मांडलेलं, शेवयांचं सूप, तळलेलं कोंबडं. आईचा उजवा हात खांद्यापासून वर उठत नव्हता, ती डाव्या हाताने वाढत होती आणि निम्मं सूप टेबलाला वाढत होती. बाबांचे ओठ टोमॅटोसारखे सुजलेले. ते काही बोलू शकत नव्हते, म्हणून मला वाटलं हीच वेळ बरी.

"आई, बाबा, नीट ऐका, मी ठरवलंय," मी उभी राहून म्हणाले. "उन्हाळ्यात मी सेगेदला मावशीच्या नोटरी ऑफिसात शिक्के मारायला जाणार नाहीये. शाळा सुटली की मी व्हेंडेलकाकांच्या पाळण्याबरोबर जाणार. चौदा गावं आहेत, माझे नऊ विद्यार्थी आहेत, बसायला उंट आहे, आणि ऑगस्टात सगळ्यांना दोन मिळेपर्यंत मी परत येणार नाही."